समोरची भिंत

विक्रोळीची खाडीच्या अंगाची मोठी जमीन पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली घेतली, तेव्हा तो भाग मुंबईत नव्हता. शहर माहीम आणि शीवपाशी संपत होतं. पलीकडे भातखाचरं, खाजणं, मिठागरं आणि गावठाणं होती. त्यांचा लालबागचा कारखाना अपुरा पडू लागल्यावर तिथलं काम हळूहळू या नव्या जागेत आलं. १९५१ मध्ये इथून जे पहिलं मोठं काम बाहेर पडलं ते मतपेट्यांचं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार झाल्या. पत्रा कापायचा, काटकोनात दुमडायचा, कडा जोडायच्या, आत कुलूप बसवायचं, असं ते काम. कपाटाची विद्याही तीच. पोलादी कपाटं गोदरेज १९२३ पासून बनवत होते, पण तोवर ती पेढ्या, कचेऱ्या आणि श्रीमंतांच्या घरांपुरती होती. मध्यमवर्गीय घरात कपाट शिरलं ते पुढच्या दोन-तीन दशकांत. त्याला जागा करून देताना घर कसं बदललं, ही गोष्ट उपनगरांतच नीट दिसते, कारण ती घरं त्याच काळात बांधली जात होती.

१९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गृहनिर्माण मंडळाने घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला टागोरनगर आणि कन्नमवारनगर अशा वसाहती उभ्या केल्या. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून बाहेर पडलेली कुटुंबं आणि कोकणातून, घाटावरून थेट आलेले नोकरदार तिथे राहायला आले. खोल्या दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास. बरोबर सामान म्हणजे दोन ट्रंका, वळकट्या, पाट, पाण्याचं पिंप, तांब्यापितळेची भांडी आणि देव. चाळीतल्या घराला फर्निचर लागत नव्हतं असं नाही, पण ते भिंतीला असे. कोनाडा, खुंट्या, फळ्या, कपड्यांची दोरी. जमीन मोकळी ठेवायची, कारण त्याच जमिनीवर स्वयंपाक व्हायचा, तिथेच पंगत बसायची, मुलं तिथेच अभ्यास करायची आणि रात्री तिथेच सगळे झोपायचे.

या मोकळ्या जमिनीवर कायमचा पाय रोवणारी पहिली वस्तू म्हणजे लोखंडी कपाट. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाहून थोडं जास्त खोल. ते एकदा भिंतीला लागलं की हलत नसे, घरातल्या बाकी साऱ्या वस्तू त्याच्या अनुषंगाने लागत. लाकडाला वाळवी आणि भुंगा, त्यात मुंबईची दमट हवा, त्यामुळे पोलाद परवडत नसलं तरी टिकायचं. शिवाय नवरा-बायको दोघंही सकाळच्या लोकलने कामावर जाऊ लागली होती. दिवसभर बंद राहणाऱ्या घरात कुलूपबंद कपाट हवंच होतं. रेशनकार्ड, विम्याचे कागद, मंगळसूत्राखेरीजचं सोनं, पैठणी, मुलांचे जन्माचे दाखले हे सगळं आतल्या लॉकरमध्ये. ज्या घरात नवराबायकोला स्वतःची खोली नव्हती, तिथे तो हातभर लॉकर हीच त्यांची खासगी जागा होती. लग्नात कपाट देण्याची रीत पडली, तिच्यात हुंड्याचा जाच होता आणि तो विसरता कामा नये. पण अनेक बायकांसाठी स्वतःच्या नावाची पहिली किल्ली त्या कपाटाचीच होती, हेही खरं.

जागेचा हिशेब मात्र तेव्हाच सुरू झाला. कपाटाने साडेचार-पाच चौरस फूट घेतले, म्हणजे एका लहान मुलाच्या अंथरुणाची अर्धी जागा. पुढच्या साठ वर्षांत उपनगरातल्या घरात आलेल्या प्रत्येक यंत्राने अशीच जागा मागितली आणि घराने ती प्रत्येक वेळी झोपण्याच्या जागेतून काढून दिली. इथल्या फर्निचरचा इतिहास मला तरी त्या देवघेवीचा इतिहास वाटतो.

यातला सर्वांत मोठा बदल स्वयंपाकघरात झाला. त्याला कुणी फर्निचर म्हणत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही. चूल, शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह ही तिन्ही साधनं जमिनीवरची. बाई पाटावर किंवा उकिडवी बसे. पाटा-वरवंटा, विळी, परात, सगळं तिच्या हाताच्या टप्प्यात जमिनीवर मांडलेलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ट्रॉम्बे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरमधला गॅस मुंबईत विकायला काढला. या गॅसची एक अट होती: शेगडी सिलिंडरच्या पातळीपेक्षा वर हवी. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो, म्हणून ज्योत उंचावर ठेवायची. या अटीमुळे शेगडी वर गेली आणि तिच्यामागोमाग बाई उभी राहिली. कडप्प्याचा ओटा आला. आधी दोन उभ्या लाद्या आणि वर एक आडवी इतकाच. त्याच्या पोटात एका बाजूला सिलिंडर, दुसऱ्या बाजूला पिंप.

युरोपात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला होता. १९२६ मध्ये मार्गारेट श्युट-लिहोत्स्की या स्थापत्यकर्तीने फ्रँकफुर्टच्या कामगार वस्तीसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या भोजनयानातल्या चिमुकल्या मुदपाकखान्याचा अभ्यास करून, बाईला किती पावलं टाकावी लागतात ते मोजून. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आज ते स्वयंपाकघर संग्रहालयांत ठेवलेलं आहे. अंधेरी किंवा मुलुंडच्या वन-रूम-किचनमधलं स्वयंपाकघर आकाराने त्याच्या जवळपासचंच, बरेचदा लहान. पण ते कुणी आखलं नाही. गवंड्याने ओट्याची उंची आपल्या सवयीने धरली आणि पाच फूट उंचीच्या बाईने आयुष्यभर खांदे उचलून पोळ्या लाटल्या. चार इंच कमी-जास्त करायला काहीच खर्च नव्हता. तिला विचारलं गेलं नाही, इतकंच.

ओटा झाला तसं बाकीचं सगळंच जमिनीवरून वर चढू लागलं. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६० च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर आणला. ओली चटणी आणि खोबऱ्याचं वाटण पेलणारी जोरकस मोटर हे त्याचं वैशिष्ट्य. मिक्सर आला तसा पाटा-वरवंटा आधी मोरीत गेला आणि मग गावी. पितळेची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, त्याबरोबर भिंतीवर स्टीलची मांडणी आली: ताटांसाठी उभे खण, वाट्यांसाठी कप्पे, पेल्यांसाठी दांड्या. ओट्याजवळ उभं राहून वाढायचं तर जेवणाऱ्याने जमिनीवर बसणं दोघांनाही गैरसोयीचं. म्हणून पाट गेले आणि भिंतीला बिजागरीने लटकणारी, जेवण झालं की खाली पाडायची फळी आली. डायनिंग टेबलाचा हा उपनगरी अवतार मला फार लोभस वाटतो. उघडल्यावर दोन फूट, मिटल्यावर दोन इंच.

याच काळात पवईला, विक्रोळीपासून हाकेच्या अंतरावर, आयआयटीमध्ये १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झालं. जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. वस्तू माणसाच्या मापाने कशी घडवावी याचं शास्त्र तिथे शिकवलं जाऊ लागलं, आणि पवई तळ्याच्या पलीकडच्या वसाहतींत तोच प्रश्न रोजच्या रोज सुतार, गवंडी आणि घरच्या बाया सोडवत होत्या.

मग २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. दिल्लीनंतर देशातलं दुसरं दूरचित्रवाणी केंद्र मुंबईत सुरू झालं. रेडिओला भिंतीवरची एक फळी पुरत असे. वर क्रोशाचं झाकण घालायचं आणि त्याच्याकडे पाठ करूनही ऐकता यायचं. त्याने खोलीला दिशा दिली नाही. माणसं चारही भिंतींना टेकून एकमेकांकडे तोंड करून बसत. टीव्हीने ते मोडलं. त्याला समोर बघणारी माणसं हवी होती आणि डोळ्यांपासून सात-आठ फुटांचं अंतर हवं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत असं अंतर मिळणारी भिंत एकच असे, तीच घराची समोरची भिंत झाली. अनेक घरांत त्या भिंतीवर देव्हारा होता, तो स्वयंपाकघरात गेला.

पहिले टीव्ही स्वतःच फर्निचर होते. क्राउन, वेस्टन, टेलेरामा, डायनोरा. चार तिरक्या पायांवर उभी लाकडी पेटी, पुढे सरकतं शटर आणि त्याला कुलूप. अख्ख्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही असे. ‘छायागीत’ला आणि रविवारच्या सिनेमाला शेजारची वीस-पंचवीस माणसं येत. मुलं पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दारात. एवढ्या लोकांना बसवायचं तर खोली पुन्हा मोकळी करावी लागे. म्हणून पलंग नको, दिवाण हवा, ही मागणी आली. दिवाण म्हणजे दिवसा चार जणांची बैठक, रात्री एकाची झोप आणि पोटात गाद्यांचा साठा. पुढे सोफा-कम-बेड आला. त्याची यंत्रणा करकरत असे, बोटं चिमटत असत, तरी तो विकला गेला, कारण त्याच्याशिवाय पाहुण्यांपुढे घर हे घर वाटत नसे.

विजेचाही या मांडणीत मोठा हात होता. जुन्या इमारतींत खोलीला एखाद-दुसरा प्लग. फ्रिज कुठे ठेवायचा हे बाईच्या सोयीने ठरत नव्हतं, पंधरा अँपिअरचा पॉइंट कुठे आहे त्यावर ठरत होतं. गोदरेजने विक्रोळीत १९५८ पासून फ्रिज बनवायला सुरुवात केली, पण उपनगरात तो सर्रास दिसू लागला तो कितीतरी नंतर, आणि दिसला तो हॉलमध्ये. स्वयंपाकघरात त्याचं दार उघडायलाही जागा नव्हती. वर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, हँडलला कापडी कव्हर. लोक याला दिखाऊपणा म्हणत. खरं कारण चौरस फुटांचं आणि प्लगचं होतं.

१९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने टीव्ही रंगीत झाला. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, त्यापाठोपाठ ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’. औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने रंगीत संच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. आता टीव्ही प्रत्येकाच्या घरात होता, त्याला कुलपाची गरज राहिली नाही, गरज होती ती मखराची. तो मखर म्हणजे शोकेस.

शोकेस हे उपनगरांचं सर्वांत स्वतःचं फर्निचर आहे असं मी मानतो. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आठ-नऊ फूट रुंद, जवळजवळ छतापर्यंत उंच. मधोमध टीव्हीचा खण, त्याखाली व्हीसीआरचा, बाजूला टेपरेकॉर्डरचा. वरच्या काचेच्या कप्प्यांत कधीही न वापरलेला टी-सेट, मुलीची नृत्याची ढाल, वैष्णोदेवीहून आणलेली मूर्ती, अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली बाहुली. खाली बंद दारांत शाळेची जुनी पुस्तकं, औषधं, इस्त्री, पतंगाची फिरकी. एकाच वस्तूत नव्या यंत्रांचं घर, कुटुंबाचं प्रदर्शन आणि अडगळीची खोली अशी तिन्ही कामं. तिची खोली टीव्हीच्या काचेच्या नळीने ठरवली. एकवीस इंची संचाचं पोट मागे दीड फुटाहून जास्त जाई, म्हणून मधला खण वीस इंच खोल, आणि मधला खण वीस इंच म्हणून बरेचदा अख्खी शोकेस वीस इंच. बाहुलीला चार इंच पुरले असते. पण सरळ रेषेचा आग्रह सुताराचाही होता आणि घरमालकाचाही, आणि त्यापायी दहा बाय बाराच्या खोलीतले चौदा-पंधरा चौरस फूट कायमचे गेले. एका मोठ्या माणसाच्या अंथरुणाची जागा.

शोकेस बनवणारा मिस्त्री घरातच मुक्काम ठोके. कोकणातले सुतार होते, कच्छ-सौराष्ट्रातले मिस्त्री होते, पुढे राजस्थानातून आलेले मोठ्या संख्येने. महिना-दीड महिना जिन्यात भुसा, दुपारी रंध्याचा आवाज, घरच्या बाईकडून दोनदा चहा. माप फूट, इंच आणि सुतात. आठ सुतांचा एक इंच. उपनगरातली भिंत कधीच काटकोनात नसते, वरच्या आणि खालच्या टोकात तीन-चार सुतांचा फरक असतोच. तो फरक पट्टीने लपवणं ही खरी कारागिरी. आधीचे सुतार जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस विस्तवावर वितळवून वापरत. घाण वास, आणि पावसाळ्यात सांधे सुटायचे. बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल आणलं. तापवायची गरज नसलेला पांढरा डिंक, तोही दुकानांवर विसंबून न राहता सरळ सुतारांपर्यंत पोचवलेला. पारेख उमेदीच्या काळात एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई होते आणि बायकोसह वखारीत राहिले होते. सुताराची अडचण त्यांना जवळून माहीत होती. त्यांच्या पिडिलाइट कंपनीचं मुख्यालय पुढे अंधेरीलाच आलं. फेविकॉल, प्लायवूड आणि सनमायका या तिघांनी मिळून शोकेस शक्य केली. सागवानाला सांध्यांच्या खाचा कोराव्या लागत. प्लायला कापणं, चिकटवणं आणि खिळा मारणं पुरे. आठ फूट बाय चार फुटांचा तो ताव घराच्या प्रत्येक वस्तूचं मूळ माप ठरला.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि ईशान्येतल्या प्लायवूड गिरण्यांना टाळं लागलं. त्यानंतर बाजारात शेतात वाढवलेल्या पॉपलर-निलगिरीचं प्लाय, आयात लाकूड आणि भुशाचे बोर्ड वाढत गेले. हा बदल त्या वेळी घरातल्यांच्या लक्षात आला नाही. तो २६ जुलै २००५ ला लक्षात आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या हजारो घरांत पाणी शिरलं. कपाटं धुऊन-पुसून, गंज खरवडून पुन्हा उभी राहिली, सागवानी पलंग उन्हात सुकले. भुशाच्या बोर्डाचं टेबल मात्र पाण्याने फुगलं की संपलं, त्याचा पुन्हा आकारच येत नाही. आठवडाभर सोसायट्यांच्या फाटकांबाहेर फुगलेल्या फर्निचरचे ढीग होते. त्यानंतर तळमजल्यावर राहणाऱ्यांनी मिस्त्रीला सांगायला सुरुवात केली, की खालचे चार इंच मरीन प्लाय किंवा ग्रॅनाइटचं घे. कुठल्याही कॅटलॉगमध्ये हे माप सापडणार नाही.

टेलिफोन आणि संगणकाचं प्रकरण लवकर आटोपलं. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून तो आला की त्याला खास तिपाई मिळे, डायरीच्या खणासकट. मोबाइलने दहा-बारा वर्षांत ती निकामी केली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि पाठोपाठ संगणकाचं टेबल आलं, मॉनिटरच्या पोटासाठी खोल, कीबोर्डसाठी सरकती फळी, खाली सीपीयूचा पिंजरा. तो दहावी-बारावीच्या मुलाचा कोपरा झाला. लॉटरीसारखा अभियांत्रिकीचा प्रवेश लागला, मुलगा नोकरीला लागला, लॅपटॉप आला. ते टेबल मग इस्त्रीचं झालं.

१९९५ मध्येच महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि नळाने येणारा गॅस पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उपनगरांत पोचला. ओट्याखालून सिलिंडर निघाला. त्या रिकाम्या पोटात सरकत्या ट्रॉल्या बसल्या: ताटांची, बाटल्यांची, कांद्या-बटाट्यांची. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याचा मुंबईतला पाया या निघून गेलेल्या सिलिंडरने घातला. चाळीस वर्षांपूर्वी गॅसने बाईला उभं केलं होतं, आता वाकून आत डोकं घालण्यातून सोडवलं.

आणि मग टीव्ही चपटा झाला. सपाट पडदे २००५ नंतर स्वस्त होत गेले. बत्तीस इंची पडदा आडवा, जवळजवळ अडीच फूट रुंद. शोकेसमधला खण एकवीस इंची चौकोनी संचाचा. तो बसेना. लोकांनी खणाच्या बाजूच्या फळ्या कापून पाहिल्या, काहींनी टीव्ही शोकेसच्या पुढे टेबलावर ठेवला आणि मागे रिकामा खण तसाच राहिला. शेवटी शोकेस निघाली. तिच्या जागी तीन-चार इंच जाडीचं पॅनेल, मागे लपलेल्या वायरी, खाली सेट-टॉप बॉक्सपुरतं लटकतं कपाट. दीड फूट परत मिळाला. तो झोपण्याला परत गेला का? नाही. तो वीतभर अधिक खोल, एल आकाराच्या सोफ्याने घेतला.

याच सुमारास इमारतीच पडू लागल्या. पुनर्विकासाच्या लाटेत पंतनगर, टागोरनगर, कन्नमवारनगर इथल्या म्हाडाच्या इमारती, बोरिवली-मुलुंडच्या तीन मजली सोसायट्या जमीनदोस्त झाल्या. संक्रमण काळात भाड्याच्या घरात न मावणारं सामान जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात जाऊन पडलं, जिथे जुनी लाकडी कपाटं, आरशांची ड्रेसिंग टेबलं, बंगल्यांतल्या खुर्च्या दुरुस्त होऊन पुन्हा विकल्या जातात आणि सिनेमाच्या सेटवर भाड्याने जातात. दाटीवाटीने भरलेल्या सुक्या लाकडाच्या त्या बाजाराने आगीही सोसल्या आहेत. लोखंडी कपाटाला मात्र ओशिवऱ्यात भाव नव्हता, ते वजनावर भंगारात गेलं. नवी घरं आली ती भिंतीतल्या वॉर्डरोबसकट.

नव्या घराचं माप कायद्याने ठरवलं आणि त्या मापाने फर्निचर ठरवलं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे २६९ आणि २०१८ च्या नियमावलीपासून ३०० चौरस फूट. खासगी इमारतींत २०१२ पूर्वी बाल्कनी, फ्लॉवरबेड, कोनाडे हे चटईक्षेत्रात धरले जात नसत. म्हणून बिल्डर ते भरपूर देत आणि लोक ते घरात घेत. फ्लॉवरबेडवर फळी टाकून खिडकीतली बैठक, बाल्कनी बंद करून वॉशिंग मशीन, कोनाड्यात कपाट. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सगळी जागा हिशेबात आली आणि ते फर्निचरही बनेनासं झालं.

आता तयार वस्तूंची दुकानं जवळ आली आहेत. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आधीपासून होता. आयकिया २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईतल्या तुर्भ्याला आणि २०२२ मध्ये घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये उघडलं. सपाट खोक्यात येणारं, घरी जोडायचं फर्निचर लिफ्टमध्ये मावतं आणि अरुंद जिन्यातही चढतं, हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो मान्य करायला हवा. पण काटकोन नसलेल्या भिंतीतले चार सूत त्याला भरता येत नाहीत, बीम जिथे खाली उतरतो तिथे त्याला चिरता येत नाही. म्हणून बॉक्स-बेड अजूनही मिस्त्रीकडूनच होतो, हायड्रॉलिक पंपासकट, खोलीच्या शेवटच्या इंचापर्यंत.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि कचेरी, शाळा, व्यायाम हे सगळं एकदम त्याच हॉलमध्ये येऊन बसलं. पाच माणसांच्या घरात तीन पडदे एकाच वेळी चालू. घडीची टेबलं बाजारातून संपली. इस्त्रीचं झालेलं संगणकाचं टेबल पुन्हा वर आलं, काहींनी ओट्यालाच कचेरी केलं, काहींनी बॉक्स-बेडवर मांडी घालून दोन वर्षं काढली आणि पाठीचं दुखणं घेतलं. भिंतीला लटकणारी घडीची फळी, जी सत्तरच्या दशकात जेवायला होती, ती परत मागवली जाऊ लागली.

पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत घरी प्राणवायूचे कॉन्सन्ट्रेटर आले. ती लाट ओसरली, पण आजारपण घरी सांभाळायची यंत्रं राहिली. साठ आणि सत्तरच्या दशकात उपनगरांत आलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. पडलेल्या आजोबांसाठी डोकं आणि पाय वर-खाली करणारा फाउलर बेड महिन्याच्या भाड्याने येतो. त्याची लांबी साडेसहा-सात फूट, रुंदी तीन फूट. बेडरूममध्ये त्याच्या दोन्ही बाजूंनी मदतनीस बाईला उभं राहता येत नाही, दरवाजाही बरेचदा अडीच फुटांचा. म्हणून तो सुटा करून आणतात आणि हॉलमध्येच जोडतात. सोफा एका बाजूला सरकतो, टीव्हीचं पॅनेल तिथेच राहतं, वायरी लपवायला केलेल्या खणात आता सक्शन मशीनचा प्लग जातो.

भाड्याने बेड देणारे मुलुंड-बोरिवलीत भरपूर झाले आहेत. बेड आणणारी माणसं आली की आधी टेप काढतात आणि हॉलची समोरची भिंत मोजतात. नव्या इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांनी दरवाजा तीन फुटांचा, बेडरूमचं माप दोन्ही बाजूंनी माणूस उभं राहील एवढं आणि उशाशी पंधरा अँपिअरचा एक पॉइंट एवढं जरी धरलं, तरी पुढच्या वीस वर्षांत पुष्कळ घरांना हॉल रिकामा करावा लागणार नाही. पुनर्विकासाच्या बैठकांत कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर तासन्‌तास भांडण होतं. या तीन मापांचा आग्रह सोसायटीच्या सभासदांनी त्याच बैठकीत, आराखड्यावर सही करण्याआधी धरला पाहिजे.